निम्म्या भावाची कॅसेट

१

मी आजवर कुठलीही वस्तू सांगितल्या भावात घेतलेली नाही. भाजी नाही, कापड नाही, माझं शिलाई मशीनसुद्धा नाही. जळगावच्या फुले मार्केटात मी शिरले की कटपीसवाले एकमेकांना खुणावतात, ‘आली वच्छलाबाई.’ खुशाल खुणावा. मीटरमागे आठ आणे सुटल्याशिवाय माझा पाय दुकानातून निघत नाही.

हे आमच्या रक्तातच आहे. माझ्या उजव्या मनगटावर तुळशीचं झाड गोंदलेलं आहे. मी आठ वर्षांची असताना गोंदणारी दारात आली होती. अर्धं झाड झालं आणि आमच्या आईने, पार्वताबाईने, चार आण्यांवरून घासाघीस सुरू केली. गोंदणारी चिडली, मी हात ओढला आणि शेवटचा ठिपका झाड सोडून पार अंगठ्याच्या बुडाशी जाऊन बसला. आई म्हणायची, राहू दे, त्या ठिपक्याचे पैसे दिलेलेच नाहीत.

बाविसाव्या वर्षी मी नवऱ्याला सोडून आले. मारकुटा होता, सोडला, विषय संपला. तेव्हापासून ब्लाउज शिवते. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ पुना दहा वर्षांचा होता. त्याला मी वाढवला, बारावी केला आणि एस.टी.त कंडक्टर झालेला बघितला. पहिल्या दिवशी खाकी घालून तो जिना उतरला तेव्हा हातातला तिकिटं टोचायचा पंच वाजवत गेला. टक-टक, टक-टक. रोज तसाच जायचा. मी मशीनवर बसून तो आवाज रस्त्यापर्यंत ऐकायची.

शहाण्णवच्या दिवाळीत शिंदखेड्याच्या स्टँडवर एका म्हाताऱ्याचं पोतं उतरवून द्यायला तो गाडीच्या टपावर चढला आणि वरून पडला. खांद्यातली नस ओढली गेली. उजवा हात दिसायला होता तसाच राहिला, पण एकही बोट हलेना. डॉक्टर म्हणाले, रोज बोटांना व्यायाम द्या, आलं तर चार-सहा महिन्यांत येईल, नाही तर येणार नाही. डेपोचे साहेब भला माणूस. म्हणाले, “एकतीस मार्चपर्यंत मी सांभाळून घेतो, वच्छलाबाई. मग त्याला मेडिकलला उभं राहावं लागेल. पंच मारता आला पाहिजे.”

नाही मारता आला तर नोकरी जाणार, एवढं त्यात उघड होतं.

२

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. पुनाने तो तिसऱ्या दिवशी खिडकीतून फेकला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवायला बस म्हटलं तर डाव्या हाताने जेवायची लाज वाटते म्हणायचा. मी शिव्या घातल्या, लाडीगोडी लावली, काही उपयोग नाही.

मग वरच्या मजल्यावरचे मोहनलाल सुरतेला बदलून गेले आणि जाताना टीव्हीवर खेळायचा कॉम्प्युटर गेम विकायला काढला. एक डबा, दोन रिमोट, त्यात कॅसेट खोचायची की टीव्हीवर खेळ सुरू. नऊशे म्हणाले, साडेचारशेत घेतला. पुनाने नुसतं बघायचं म्हणून लावला आणि दुपारचा चहा विसरला! डाव्या हाताने रिमोट धरायचा, उजव्याचा अंगठा उचलून बटणावर ठेवायचा आणि वरून डाव्या बोटाने दाबायचा. डॉक्टर म्हणाले, हाच व्यायाम, चालू ठेवा.

पण चार दिवसांत एक कॅसेट उरकायची, की पुन्हा भिंतीकडे तोंड. नव्या कॅसेटला तीनशे रुपये! म्हटलं ठीक आहे, कापडाचा बाजार कळतो तर याचाही कळेल. महिन्याभरात मी जळगावातल्या गेमवाल्यांना कापडवाल्यांपेक्षा जास्त ओळखायला लागले. जुनी कॅसेट द्या, वर तीस रुपये टाका, दुसरी न्या, असा त्यांचा बदलीचा धंदा. पितळी पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर पाच रुपये कमी. ‘एकात ९९९९ गेम’ लिहिलेल्या कॅसेटवर मी पुनाला दोन दिवस बसवलं, तर आत सहाच गेम, बाकी तेच ते फिरून फिरून. मी दुकानदाराला म्हटलं, “सहाच्या हिशेबाने पैसे घ्या.” त्याने हात जोडले.

जानेवारी संपेपर्यंत जळगावातली प्रत्येक कॅसेट आमच्या घरून जाऊन आली होती. पुना पुन्हा भिंतीकडे वळला. अंगठा तसाच लुळा.

“धुळ्याला जाऊन बघा ना,” ब्लाउज न्यायला आलेल्या राजकुंवर म्हणाल्या. त्यांचं माहेर धुळ्याचं. “आमच्या गल्लीच्या तोंडाशी रतिलालभाईंचं भांड्यांचं दुकान आहे. तिथे मिळतात म्हणे निम्म्या भावात.”

“भांड्यांच्या दुकानात गेमच्या कॅसेटी?”

“मी आपलं ऐकलंय, बाई.”

३

धुळ्याच्या त्या गल्लीत मी दुपारी बारा वाजता पोचले. दुकान अरुंद आणि खोल. दोन्ही बाजूंना छतापर्यंत स्टीलचे डबे, पितळी हंडे, घागरी. मधोमध मोठा तराजू. गादीवर रतिलाल शेठ, पांढरे कपडे, गळ्याला मफलर. त्यांच्या मागे पोत्याचा पडदा आणि पडद्याआडून भांड्यांवर नाव घालायच्या मशीनचा आवाज. घर्रर्र, थांबून घर्रर्र. भांड्यांच्या दुकानात तो असतोच. लग्नाचं ताट घ्या, बारशाची वाटी घ्या, नाव फुकट घालून देतात.

मी विचारलं. त्यांनी पिठाचा एक मोठा डबा पुढे ओढला आणि झाकण काढलं. आत कॅसेटी. कोऱ्या, पट्ट्या लख्ख. मी एकेक वास घेऊन बघितली, वासावरूनही जुनी कळते. नवीच होत्या.

“किती?”

“बिननावाची तीनशेला. नाव घालून दीडशेला.”

“उलटं झालं शेठ. नाव घालायला मेहनत लागते, मग ती स्वस्त कशी?”

“कोणाला द्यायची, कोणाकडून द्यायची, दोन्ही नावं घालायची. मग दीडशे.”

मी आयुष्यभर बाजार केलेली बाई. मला वाटलं, माणूस हुशार आहे. नाव घातलेली कॅसेट बदलीच्या बाजारात कोण घेणार? म्हणजे गिऱ्हाईक ती परत विकू शकत नाही, आणि याचा भाव पडत नाही. मनातल्या मनात मी त्याला शाबासकीसुद्धा दिली. वर शंभरला मागितली. त्यावर मात्र तो हलला नाही. दीडशे म्हणजे दीडशे.

मी नावं सांगितली. त्यांनी चिठ्ठीवर लिहिली, चिठ्ठी कॅसेटवर ठेवली आणि मागे न बघता पडद्याकडे धरली. “सुपडू, घे.”

पडद्याच्या फटीतून एक उजवा हात बाहेर आला. गडीमाणसाचा, रुंद पंजाचा. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात घट्टा पडलेला. पुनाच्या हाताला पंचाने पडलाय ना, अगदी तिथेच. मी म्हटलं, दिवसभर मशीन धरून यालाही पडला असेल. हात कॅसेट घेऊन आत गेला आणि घर्रर्र सुरू झालं.

कॅसेट परत आली तेव्हा काळ्या प्लास्टिकवर बारीक पांढऱ्या ठिपक्यांची अक्षरं होती. ‘चि. पुना यास वच्छलाअक्काकडून सप्रेम भेट.’ अक्षर सुरेख होतं. मी पदराने पुसून पिशवीत टाकली आणि दोनची जळगाव गाडी पकडली. निम्मे पैसे वाचले म्हणून अमळनेरला भजीसुद्धा खाल्ली.

४

पुनाने नाव वाचलं आणि कित्येक दिवसांनी हसला. “अक्का, हे काय, बारशाची वाटी आणलीस का?”

खेळ साधा होता. डोंगराच्या कडेने एक छोटा माणूस पळतो, दगड चुकवतो, उड्या मारतो. त्याच्या मागे तसाच दुसरा. दोघांचा खेळ, पण दुसरा रिमोट आम्ही लावलेला नव्हता, तो कपाटावर धूळ खात होता. तरी मागचा माणूस पळत होता. पुढचा अडखळायचा, पडायचा, आणि मागचा एकही दगड न लागता येऊन त्याच्याजवळ थांबायचा.

“मशीनच खेळवतं त्याला,” पुना म्हणाला. “चांगला खेळतो गं. माझ्यापेक्षा चांगला.”

मी काजं करत होते. मला त्यात काय कळणार? मी म्हटलं, खेळ तू.

चौथ्या दिवशी, तीन फेब्रुवारीला, सकाळी दहाच्या सुमाराला पुना ओरडला. मी धावले. डावा हात त्याने हवेत धरला होता आणि रिमोटवर त्याचा उजवा अंगठा एकटा दाबत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

मी त्याला मिठीच मारली. रडले, नाही म्हणत नाही. शेजारच्या भागाबाईंना बोलावून दाखवलं, साखर वाटली. त्या आनंदात जमिनीवर पडलेली कात्री उचलायचीच राहिली. पुना ओरडायच्या आधीच ती माझ्या हातातून सुटली होती. अंगठ्यात धरलीच गेली नाही.

५

माणूस स्वतःला किती समजावतो बघा. मी म्हटलं, थंडी आहे. मग म्हटलं, कात्रीची धार गेली, जोर लागतो म्हणून हात भरून येतो. धार लावून आणली. दहा तारखेला सुईत दोरा ओवताना पहिलं बोट वाकेना. त्याच दिवशी पुनाने चहाचा कप कानाला बोट घालून उचलला.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात वळवून बघितला, गोंदण बघितलं, टाचणी टोचली. “सोळा वर्षं शिवताय ना बाई? शिरा थकल्या. विश्रांती द्या.” गोळ्या लिहून दिल्या. मी गोळ्या घेतल्या, विश्रांती कुठून देणार? लग्नसराई तोंडावर आलेली.

मापं लिहायची माझी एक वही आहे. छाती, कंबर, बाही, तारीख. त्या वहीत मागच्या पानावर मी एक दिवस डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून काढलं. तीन तारीख, त्याचा अंगठा, माझी कात्री. दहा तारीख, त्याचं पहिलं बोट, माझी सुई. सतरा तारीख, त्याचं मधलं, माझं मधलं. लिहिलं आणि वही मिटून मशीनच्या खणात टाकली. शिकली-सवरलेली बाई नसले तरी वेडी नाही मी. असं होत नसतं, हे मलाही कळतं. दोन माणसं एका घरात आहेत, एकाचं बरं होतंय, दुसरीचं दुखतंय, दिवस जुळले तर जुळले.

दुपारी पुना खेळत होता. मी जेवणाचं ताट घेऊन गेले आणि टीव्हीकडे बघितलं. पुढचा माणूस आता वाऱ्यासारखा पळत होता. मागचा बराच मागे पडला होता. पळताना त्याचा एक हात हलत होता आणि दुसरा, उजवा, नुसता लोंबत होता.

“पुना, हा मागचा पहिल्यापासून असाच पळतो?”

“कोण? त्याच्याकडे कोण बघतं आता. तो मागेच असतो.”

कपाटावरचा दुसरा रिमोट मी उतरवून बघितला. वायर गुंडाळलेली होती तशीच. बटणांवरची धूळ मात्र तेवढी पुसलेली होती.

६

मग मी निर्णय घेतला. सरळ सांगते, घाबरून नाही घेतला आणि देवावर हवाला ठेवूनही नाही घेतला. मशीनवर बसले आणि विचार केला, कापड बेतताना करतात तसा.

पुनाचं वय सव्वीस. पंच मारता आला तर पुढची बत्तीस वर्षं नोकरी, लग्न, घर. नाही आला तर भिंत. माझं वय अडतीस. मशीन पायाने चालतं. डाव्या हाताने कापड सरकवायला शिकता येतं, काजं-बटणं भागाबाई करून देतील. कोणाला काय जास्त लागतं, हे मला काय दुसऱ्याने सांगायला हवं?

आणि हे सगळं खोटं असलं, माझ्या मनाचे खेळ असले, तर मग प्रश्नच नाही.

“पुना,” मी म्हटलं, “आजपासून दिवसाला चार तास खेळायचं. सकाळी दोन, दुपारी दोन.”

“अक्का, आता कंटाळा आलाय गं याचा. दुसरी आण ना.”

“दुसरी मिळणार नाही. हीच. एकतीस मार्चपर्यंत हीच खेळायची.”

तो खेळला. मी शेजारी बसून खेळवला. झोप आली तर तोंडावर पाणी मारलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझी अनामिका गेली. होळीच्या दुसऱ्या दिवशी पोळी लाटताना करंगळी गेली. त्याच दिवशी पुनाने स्वतःच्या उजव्या हाताने पोळीचा तुकडा मोडून खाल्ला आणि माझ्याकडे असा बघून हसला की बस. मी उठून मोरीत गेले, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. मग डाव्या हाताने भांडी घासली.

त्याला मी सांगितलं, शिरा थकल्यात. त्याने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

७

एकतीस मार्चला मेडिकल झालं. डॉक्टरांनी पंच हातात दिला. पुनाने टेबलावरच्या कागदावर ओळीने बारा भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी खाकी घालून तो जिना उतरला, टक-टक, टक-टक. त्याला जळगाव-धुळे गाडी मिळाली.

तो आठवडा गेल्यावर मी धुळ्याला गेले. पुनाच्या गाडीने नाही, दुसऱ्या. कॅसेट पिशवीत होती. माझं म्हणणं सरळ होतं. निम्म्या भावात घेतली म्हणून असं झालं असेल, तर उरलेले पैसे भरायला मी तयार होते. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला पूर्ण भाव द्यायला निघाले होते.

रतिलाल शेठ तसेच बसले होते. मी दीडशे रुपये आणि कॅसेट तराजूच्या पारड्यात ठेवली.

“हे बाकीचे घ्या.”

त्यांनी नोटांकडे बघितलं, मग माझ्या लोंबत्या हाताकडे. नवल वाटल्याचं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. कॅसेट उचलून त्यांनी माझ्या पिशवीत परत टाकली. “नाव घातलेला माल परत होत नाही, ताई.”

“परत नको. पूर्ण भावाची करा.”

“घेतानाच ठरतं ते.” मग जणू आठवल्यासारखं म्हणाले, “तुम्हांला कोणी देणारं आहे का?”

“काय देणारं?”

तेवढ्यात दुकानात एक म्हातारा आला होता, डोक्याला टॉवेल, हातात चपला. त्याने धोतराच्या गाठीतून पैसे काढले. “शेठ, नाव टाकी देशात ना? मनी पोरले देनी शे. तिना पाय चालत नही, घरमा बसी ऱ्हास.”

पाय अधू झालेल्या पोरीसाठी घेत होता. मी पुढे होऊन म्हटलं, “बाबा, नाव घालू नका. पूर्ण पैसे देऊन घ्या. बिननावाची घ्या.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, वेडी आहे की काय अशा नजरेने. “इतला पैसा मनाजोडे कोठे शेतस, ताई?”

मी पारड्यातले माझे दीडशे उचलून त्याच्यापुढे केले. पण शेठनी तोवर चिठ्ठी लिहिली होती आणि मागे न बघता पडद्याकडे धरली होती. “सुपडू, घे.”

फटीतून हात बाहेर आला.

बाईचा होता. उजवा. बोटाच्या पेरावर सुईच्या टोच्यांनी खरखरीत झालेली कातडी, मनगटावर तुळशीचं झाड, आणि शेवटचा ठिपका झाड सोडून अंगठ्याच्या बुडाशी. त्याने चिठ्ठी घेतली, कॅसेट घेतली, आणि आत जायच्या आधी अंगठ्याने कॅसेटची कड दोनदा चाचपली, मी कापडाची किनार चाचपते तशी.

घर्रर्र सुरू झालं. मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. तो माझ्या कमरेशी लोंबत होता, गोंदणासकट, थंड. दीडशे रुपये तिथेच पडले असतील. मी स्टँडवर कशी आले ते मला आठवत नाही.

८

इथेच संपलं असतं तर मी निभावून नेलं असतं. डाव्या हाताने शिवण जमायला लागलं होतं. बाह्या जरा तिरप्या होत, पण गिऱ्हाइकं जुनी, चालवून घेत.

मे महिन्यातला रविवार होता. दुपारी जेवून मी जमिनीवर आडवी झाले, पंख्याखाली डोळा लागला. झोपेत ओळखीचा आवाज येत होता. टक. टक. मला वाटलं पुना कामावर निघाला.

डोळे उघडले तर टीव्ही चालू. पुना माझ्याशेजारी मांडी घालून बसलेला, हातात रिमोट. माझा उजवा हात त्याने आपल्या मांडीवर घेतला होता आणि त्या हाताखाली दुसरा रिमोट ठेवला होता, वायर सोडवून नीट डब्याला लावलेला. डब्यात खोचलेली कॅसेट आमची नव्हती. नवी होती. काळ्यावर पांढरे ठिपके.

‘सौ. वच्छलाअक्का हीस पुनाकडून सप्रेम भेट.’

“जागी झालीस? मला तुला दाखवायचंच होतं,” पुना म्हणाला. त्याचा चेहरा असा फुललेला होता, लहानपणी दुकानातून गूळ आणून हातात ठेवायचा ना, तसा. “धुळ्याला मधे दोन तास सुट्टी असते. तू कुठून आणली होतीस ते राजकुंवरबाईंना विचारलं. डॉक्टर म्हणाले, अक्कालाही व्यायाम द्या. मग मी म्हटलं, जो मला लागू पडला तोच. आणि ऐक तर, निम्म्या भावात दिली! तुझाच भाऊ आहे मी.”

टीव्हीवर डोंगराच्या कडेने दोन माणसं उभी होती. मागचा, इतके दिवस हात लोंबत ठेवलेला, आता पळायला लागला होता.

“अक्का, हलली! करंगळी हलली तुझी! बघ!”

माझी करंगळी बटणावर होती. गरम लागत होती. तिच्यात मुंग्या येत होत्या आणि ती खरंच वाकत होती, उघडत होती. पाहून कुणालाही आनंद व्हावा. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी पुनाच्या हाताकडे बघितलं. चार बोटांनी त्याने रिमोट घट्ट धरला होता. करंगळी सुटून खाली आली होती आणि रिमोट हलेल तशी नुसती हेलकावत होती. त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मी डाव्या हाताने कॅसेट उपटली. पडदा पांढरा झाला.

“नाही हलली,” मी म्हटलं.

“अगं, मी डोळ्यांनी बघितली!”

“तू हात हलवलास, ती हलली. माझा हात आहे, मला कळत नाही? उठ, चहा टाक.”

त्याचं तोंड एवढंसं झालं. उठला बिचारा, चहा टाकायला गेला. कपबशी उचलताना बशी जरा कलली, त्याने सावरून घेतली. पंचाला करंगळी लागत नाही, हे मी तेवढ्यात मनाशी धरून ठेवलं.

दोन्ही कॅसेटी आता माझ्या पेटीत तळाशी आहेत, वर आईचं लुगडं. फोडल्या नाहीत. फोडल्याने काय होईल ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेल्या मालाशी मी खेळत नाही. खेळाचा डबा पुना नसताना विकला, पूर्ण भावात. पुना दोन दिवस बोलला नाही. मग विसरला.

पण आलेली करंगळी गेली नाही. आणि ती एकटी राहायला तयार नाही. दुपारी सगळं शांत झालं की शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागतात. हात उबदार होतो. कात्री समोर असते, सुई समोर असते, आणि उजवा हात आपणहून तिकडे जायला बघतो, इतकी वर्षं केलेलं काम त्याला आठवतं. तेव्हा मी तो मांडीखाली घेते आणि त्यावर बसून शिवते. रात्री पदराने पोटाशी बांधते. मी कोणाचं ऐकलेलं नाही, तर त्याचं काय ऐकणार?

पुना रोज सकाळी दारात थांबून विचारतो, “अक्का, काही फरक?”

“नाही रे. तू जा, गाडी चुकेल.”

तो पंच वाजवत जिना उतरतो. टक-टक, टक-टक. मी करंगळी डाव्या मुठीत आवळून धरते, आणि तो आवाज रस्त्याला लागेपर्यंत तिला हलू देत नाही.